काम खरोखर लवकर होते की लवकर झाल्यासारखे वाटते?

व्यापाऱ्याच्या गादीवर आता रोजमेळाच्या वहीशेजारी मोबाइल ठेवलेला असतो आणि त्या मोबाइलमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे लोक ज्याला ए.आय. म्हणतात, ते साधन असते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ओपन ए.आय. या कंपनीने चॅट जीपीटी सर्वांसाठी खुले केले. पाठोपाठ इतर कंपन्यांची साधनेही आली. भावपत्रक लिहावयाचे आहे, पार्टीला उधारीची आठवण द्यावयाची आहे, नव्या चादरीची जाहिरात करावयाची आहे, जी.एस.टी.ची नोटीस समजून घ्यावयाची आहे, तर मोबाइलला विचारा, अशी आता रीत पडली आहे.

उर्दू माध्यमात शिकलेल्या माझ्यासारख्या माणसाला या सोयीचे मोल जरा जास्तच कळते. हिशेब तोंडपाठ, मालाची पारख पक्की, पण बाहेरगावच्या पार्टीला इंग्रजीत चार ओळी लिहावयाच्या म्हटल्या की ओळखीच्या वकिलाच्या कारकुनाकडे जावे लागे किंवा मुलगा कॉलेजातून येण्याची वाट पाहावी लागे. काम अडल्याचे दुःख थोडे. आपल्याला येत नाही हे दुसऱ्याला कळले, याचेच वाईट अधिक वाटे. आता मोबाइलसमोर उर्दूत बोलले की अर्ध्या मिनिटात इंग्रजी पत्र तयार होते. कुणापुढे हात पसरावा लागत नाही. ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांना या भाषेची कधी अडचणच पडली नाही, त्यांना यातला दिलासा कळणार नाही.

परंतु सोयीचाही हिशेब व्यापाऱ्याने मांडला पाहिजे. या साधनाने आपल्या कामाचे काय होते, याची चर्चा पुष्कळ होते. आपल्या मनाचे काय होते, याची चर्चा कमी होते. आणि मन हे तर कारागिराचे पहिले अवजार. म्हणून या लेखात त्याच बाजूचा विचार करू.

सोळा जणांची परीक्षा

या विषयावर आतापर्यंत झालेल्या पाहण्यांत एक मला फार बोलकी वाटली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मीटर या नावाची एक संशोधन संस्था आहे. तिने २०२५ च्या सुरुवातीस १६ अनुभवी संगणक प्रोग्रामरांची परीक्षा घेतली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये निकाल जाहीर केला. हे लोक नवशिके नव्हते. ज्या प्रकल्पांवर त्यांना काम दिले, त्यांवर ते सरासरी पाच वर्षे काम करीत होते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर त्याच मागावर पाच वर्षे बसलेले विणकर.

त्यांच्यापुढे एकूण २४६ कामे ठेवली. कोणत्या कामात ए.आय. वापरावयाचे आणि कोणत्या कामात नाही, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरविले. काम सुरू होण्यापूर्वी त्यांना विचारले, की या साधनाने तुमचा वेळ किती वाचेल? त्यांनी उत्तर दिले, २४ टक्के. कामे संपल्यावर पुन्हा विचारले, की वेळ किती वाचला? उत्तर आले, २० टक्के. आणि घड्याळाचा हिशेब पाहिला तर ए.आय. वापरलेल्या कामांना १९ टक्के वेळ अधिक लागला होता!

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. माणूस एकदा चुकला तर आपण समजू शकतो. येथे काम स्वतः केले, स्वतःच्या हातांनी संपविले, आणि तरीही ते लवकर झाले की उशिरा, हे त्यांना कळले नाही. नफा झाला असे समजून दुकान बंद केले आणि वही उघडली तर तोटा निघाला, असाच हा प्रकार.

असे का व्हावे? या परीक्षेत साधनाने तयार करून दिलेल्या मजकुरापैकी निम्माही या लोकांना ठेवता आला नाही. विचारणे, उत्तराची वाट पाहणे, आलेले तपासणे, चुकलेले दुरुस्त करणे किंवा टाकून देणे, यात वेळ गेला. पण तो वेळ डोक्याला ताण देणारा नव्हता. पोते पाठीवर घेऊन जिना चढणाऱ्याला प्रत्येक पायरी मोजावी लागते. हातगाडी लोटणाऱ्याला लांबचा रस्ताही जवळचा वाटतो. माझ्या समजुतीने येथेही तसेच झाले असावे. मेहनत कमी पडली, म्हणून वेळही कमी लागला असे मनाने धरून घेतले.

एक खुलासा केला पाहिजे. ही परीक्षा सोळाच जणांची होती, आपल्या कामात मुरलेल्या लोकांची होती, आणि त्यानंतर साधने पुष्कळ सुधारली आहेत. म्हणून १९ हा आकडा कुणी आपल्या दुकानाला लावू नये. घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की वेग वाटणे आणि वेग असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापडाचा तागा आपण हाताच्या अंदाजाने विकत नाही, मोजून विकतो. आपल्या वेळेलाही तोच न्याय लावावा.

नवशिक्याला पुष्कळ, उस्तादाला थोडे

याचा अर्थ हे साधन फसवे आहे, असा नव्हे. दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. एरिक ब्रिन्यॉल्फसन, डॅनियल ली आणि लिंडसे रेमंड या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी लेखी संदेशांतून सोडविणारे पाच हजारांहून अधिक कर्मचारी त्यात होते. बहुतेक फिलिपाइन्समधील. ग्राहकाला काय उत्तर द्यावे, हे ए.आय. त्यांना पडद्यावर सुचवीत असे. सुचविलेले घ्यावे की न घ्यावे, हे कर्मचाऱ्याच्या हाती होते.

तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नव्या आणि कच्च्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ही वाढ ३४ टक्के होती. दोन महिन्यांचा नवा माणूस या साधनाच्या मदतीने सहा महिन्यांच्या माणसाइतके काम करू लागला. ग्राहक कमी चिडू लागले, साहेबाला बोलवा म्हणण्याचे प्रमाण घटले आणि नवे लोक नोकरी सोडून जाण्याचे प्रमाणही कमी झाले. नवख्या माणसाला पहिल्या महिन्यांत जी घाबरगुंडी होते, ती कमी झाली, असे यावरून म्हणता येईल. मनावर झालेला हा चांगला परिणाम नाकारू नये.

मात्र त्याच अभ्यासात जे सर्वांत कसबी होते, त्यांना वेगात थोडासाच लाभ झाला आणि त्यांच्या कामाचा दर्जा किंचित उतरलेलाही दिसला. याचे कारण समजण्यासारखे आहे. त्या साधनाने शिकविलेले उत्तर मुळात या कसबी लोकांच्याच जुन्या संभाषणांतून उचललेले होते. उस्तादाचा हुन्नर काढून शागिर्दाच्या हाती दिला. शागिर्दाचे भले झाले, ठीक. परंतु उस्तादाला त्याच्याच कामाची उतरलेली नक्कल परत मिळाली आणि तो ती वापरू लागला.

आपल्या धंद्यात हा प्रश्न उद्या येणारच आहे. ज्याच्या अनुभवावर साधन शिकले, त्याचा मोबदला कोणता? कारखानदाराने हा विचार आधीच करून ठेवावा. जुन्या कारागिराला वाटले की आपली विद्या काढून घेऊन आपल्यालाच घरी पाठविणार आहेत, तर तो ती लपवील. मग साधनही शिकणार नाही आणि नवा पोरगाही शिकणार नाही.

नजर मंदावते काय?

आता सर्वांत नाजूक मुद्दा. आपला धंदा नजरेवर चालतो. फोल्डिंग खात्यात तपासणारा माणूस टेबलावरून सरकणाऱ्या कापडात तुटलेली तार, तेलाचा डाग, विरळ पट्टा पकडतो. ही नजर पुस्तकातून येत नाही. रोज पाहून येते आणि पाहणे थांबले की जाते.

अशाच नजरेचा एक पुरावा वैद्यकातून आला आहे. पोलंडमधील चार केंद्रांत आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना २०२१ च्या अखेरीस ए.आय.चे साधन मिळाले. आतड्यातील धोक्याची गाठ दिसली की ते पडद्यावर खूण करते. संशोधकांनी त्याच डॉक्टरांच्या, साधन न वापरता केलेल्या तपासण्या पाहिल्या. साधन येण्यापूर्वी अशा १०० तपासण्यांपैकी २८.४ मध्ये गाठी सापडत होत्या. साधनाची सवय झाल्यानंतर, ते बंद असताना, हे प्रमाण २२.४ वर आले. हा अभ्यास ऑगस्ट २०२५ मध्ये लॅन्सेट समूहाच्या पोटविकारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एवढ्यावरून सर्व काही सिद्ध झाले असे नाही, या घटीला अन्य कारणेही असू शकतात. तरी हे डॉक्टर शिकाऊ नव्हते, प्रत्येकाच्या नावावर दोन हजारांहून अधिक तपासण्या होत्या, हे ध्यानात घ्यावे.

लिहिण्याच्या बाबतीतही तसेच दिसते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबने ५४ जणांचा प्रयोग २०२५ च्या जूनमध्ये पुढे आणला. काहींनी ए.आय.च्या मदतीने निबंध लिहिला, काहींनी इंटरनेटवर शोधून, काहींनी नुसत्या आपल्या डोक्याने. निबंध संपताच स्वतःच्या निबंधातील एखादे वाक्य सांगा म्हटले, तर ए.आय. वापरणाऱ्या १८ पैकी १५ जणांना एकही वाक्य बरोबर सांगता आले नाही. प्रयोग लहान आहे. पण आपण आताच लिहिलेले आपल्यालाच आठवू नये, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. ज्या पत्राखाली आपली सही आहे, त्यात काय लिहिले हे दुसऱ्या दिवशी आठवले नाही, तर आपण सौदा तरी कसा करणार?

इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ सालीच ही अडचण दाखवून दिली होती. तेव्हा हे ए.आय. नव्हते; कारखान्यांतील स्वयंचलित यंत्रे होती. त्यांचे म्हणणे असे, की सोपे काम यंत्राला देऊन अवघड काम माणसासाठी ठेवतात आणि यंत्र अडले की माणसाने ते सावरावे अशी अपेक्षा करतात. परंतु रोजचा सराव सुटल्यामुळे नेमका तेव्हाच माणूस कमी पडतो. चाळीस वर्षांनंतर हेच चित्र दुकानात आणि दफ्तरात आले आहे.

माझ्या सहीचे पत्र

दुसऱ्यांचे दाखले दिले, आता स्वतःचाही देतो. २०२४ च्या पावसाळ्यात दक्षिणेकडील एका तयार कपड्यांच्या कारखानदाराला मी सुती पॉपलीनचे ४० तागे पाठविले. मालाबरोबर पत्र द्यावयाचे होते. मी मोबाइलला उर्दूत सांगितले, की कापड धुतल्यावर तीन ते चार टक्के आकसेल, हे लक्षात घेऊन कटिंग करावे; काही तक्रार असेल तर कळवावी.

पत्र आले ते असे सुंदर, की मी ते दोनदा मोठ्याने वाचले. एखाद्या मोठ्या पेढीचे पत्र वाटावे. पस्तीस वर्षांच्या धंद्यात माझ्या नावाने असे इंग्रजी कधी गेले नव्हते. मी सही केली आणि पाठविले.

महिन्याभराने पार्टीचा निरोप आला. ११ तागे कापून शिवले होते, धुतल्यावर बाह्या आखूड झाल्या. पूर्ण माल बदलून द्या, असे तुम्हीच लिहून दिले आहे. मी म्हटले, हे शक्य नाही. तेव्हा थोरल्या मुलाने पत्र काढून वाचले आणि विचारले, "अब्बा, हे वाक्य तुम्ही सांगितले होते का?" तीन ते चार टक्के हा आकडा पत्रात नव्हताच. त्याऐवजी, आकसण्याचे प्रमाण नेहमीच्या मर्यादेत राहील आणि मालाबाबत समाधान न झाल्यास आम्ही तो आनंदाने पूर्ण बदलून देऊ, असे छापले होते. मी फक्त तक्रार कळवा म्हटले होते. साधनाने शिष्टाचाराच्या भरात वचन देऊन टाकले आणि त्याखाली सही माझी.

मी त्या ११ ताग्यांची रक्कम सोडून दिली. पार्टीचा दोष नव्हता. साधनाचाही मी धरीत नाही. दोष माझा, पण तो कसा घडला हे सांगण्यासारखे आहे. पूर्वी मी मोडकेतोडके इंग्रजी लिहीत असे, तेव्हा चूक होईल या भीतीने प्रत्येक ओळ तीन वेळा वाचीत असे. तीच लाज मला सावध ठेवीत होती. सफाईदार पत्र हाती आले आणि लाज गेली. तिच्याबरोबर सावधपणाही गेला. चांगली भाषा पाहून मजकूरही बरोबर असेल असे मी धरून चाललो. लाज जावी, हे मी मनापासून इच्छितो. सावधपणा मात्र आता दुसऱ्या मार्गाने आणावा लागेल.

हे माझ्या एकट्याचे नाही. मायक्रोसॉफ्ट आणि कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०२५ साली ३१९ नोकरदारांना विचारले, तेव्हा साधनावर ज्यांचा विश्वास अधिक, ते आलेले उत्तर कमी पारखतात आणि स्वतःच्या कामावर ज्यांचा विश्वास अधिक, ते जास्त पारखतात, असे दिसून आले. न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅट जीपीटीने दिलेले निवाडे न तपासता न्यायालयात सादर केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. शिकलेसवरलेले वकील जेथे फसतात, तेथे आपण अधिक जपले पाहिजे.

आणि जबाबदारी यंत्रावर ढकलता येत नाही, हेही ठरून गेले आहे. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील उत्तर देणाऱ्या यंत्राने एका प्रवाशाला भाड्यातील सवलतीविषयी चुकीचे सांगितले. ते यंत्र स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील लवादाने तो फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यावयास लावली. दुकानातील नोकर चुकीचा भाव बोलला, तर गिऱ्हाईक मालकालाच धरते. येथेही तोच न्याय.

एकाचा वेळ वाचला, दुसऱ्याचा गेला

आणखी एक गोष्ट बाजारात दिसू लागली आहे. पूर्वी दलालाचा निरोप तीन ओळींचा असे. माल, भाव, मुदत. आता तोच निरोप दीड पानाचा येतो. आरंभी कुशलमंगल, मध्ये आमच्या पेढीची परंपरा, शेवटी दीर्घ संबंधांची आशा, आणि भाव कुठे आहे तो शोधावा लागतो. लिहिणाऱ्याची पाच मिनिटे वाचली, वाचणाऱ्याची दहा गेली.

अमेरिकेत यावर पाहणी झाली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत ११५० नोकरदारांपैकी ४० टक्क्यांनी सांगितले, की गेल्या महिन्यात सहकाऱ्याकडून असे वरून नीटनेटके आणि आतून पोकळ काम आपल्याकडे आले. ते निस्तरण्यात प्रत्येक वेळी सुमारे दोन तास गेले. त्याहून वाईट म्हणजे, असे काम पाठविणाऱ्याबद्दल पुष्कळांचे मत उतरले. तो पूर्वीइतका भरवशाचा वाटेनासा झाला.

व्यापारात भरवसा हेच भांडवल. माझ्या गिऱ्हाइकाला माझे दोन शब्द पुरतात, कारण ते माझे आहेत हे त्याला ठाऊक असते. ते माझे नाहीत असे एकदा त्याच्या मनात आले, तर दोन पानेही पुरणार नाहीत.

कारागिराची धास्ती

कारागिरांच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न आहे. आमचे काम राहील काय? या धास्तीला हसू नये. फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर चालणारा माग पुढे आणला, तेव्हा मागावर बसून नक्षीसाठी दोरे ओढणाऱ्या पोरांचे काम गेले. त्या जागी पत्ते पाडणारे कारागीर आले. चौकटींच्या कागदावर नक्षी मांडावी, तिच्यावरून पत्ते पाडावेत, ही विद्या आपल्याकडेही अनेक घरांनी पोटाला लावली. पुढे संगणकावर चालणारे जॅकार्ड आले आणि पत्ते पाडणाऱ्यांचेही काम गेले. त्यांतले काही संगणकावर नक्षी करू लागले. सर्वांना ते साधले नाही. सर्वांचे ठीक झाले, असे सांगणे खोटे होईल.

म्हणूनच धास्तीत बसून राहणे किंवा साधनाला शिव्या देणे, दोन्ही उपयोगाचे नाही. आपल्या कामाचे दोन भाग करून पाहावेत. जो भाग लिहून, बोलून, चित्र काढून सांगता येतो, तेथे हे साधन येणारच. मोबाइलवर शंभर नक्षा मागितल्या तर शंभर येतील. पण त्यांतील कोणती नक्षी आपल्या सुताला, आपल्या पन्ह्याला झेपेल, कोणता रंग दोन धुण्यांत उतरेल, कोणती चादर रमजानच्या बाजारात उठेल आणि कोणती गोदामात पडेल, हे ज्याने माल हाताळला आहे तोच सांगेल. हा दुसरा भाग वाढवावा. नव्या पोरांना तोच आधी शिकवावा.

काय करावे?

व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी काही साध्या गोष्टी सुचवितो. त्या मी स्वतः पाळू लागलो आहे.

एक, आधी आपला अंदाज, मग साधन. भाव काय लावावा, पार्टीला काय उत्तर द्यावे, हे आधी कागदावर दोन ओळींत लिहावे आणि मग मोबाइलला विचारावे. आपले मत आधी असेल तर आलेले उत्तर पारखता येते. नसेल तर येईल तेच आपले मत होऊन बसते.

दोन, घड्याळ लावून पाहावे. दोन आठवडे वहीत नोंद करावी. कोणते काम, साधनासह किती मिनिटे, साधनाविना किती. विचारणे, तपासणे आणि दुरुस्त करणे यांचा वेळही धरावा. जेथे वाचेल तेथे खुशाल वापरावे, जेथे वाचत नाही तेथे सोडून द्यावे. मनाला विचारून हे कळत नाही, हे त्या सोळा जणांनी दाखवून दिले आहे.

तीन, आकडे, तारखा, मुदत आणि वचन यांवर बोट ठेवून वाचावे. पत्र ज्या भाषेत आपल्याला पुरते वाचता येत नाही, त्या भाषेत असेल तर तेच पत्र पुन्हा उर्दूत किंवा मराठीत करून घ्यावे आणि मोठ्या व्यवहारात जाणत्या माणसाला दाखवावे. पाहणाऱ्याला दोन पैसे द्यावे लागले तरी ते ११ ताग्यांपेक्षा स्वस्त पडतात.

चार, नव्या मुलाला पहिले सहा महिने हाताने काम करू द्यावे. माझ्या दुकानातील एक बी.कॉम. झालेला मुलगा थान हातात घेण्यापूर्वी मोबाइल हातात घेत असे. आता मी त्याला रोज सकाळी पाच तागे दाखवितो. सूत कोणते, वीण किती, लांबी किती, हे त्याने बोलावयाचे आणि मग मोजून पाहावयाचे. पहिल्या आठवड्यात तो रडकुंडीस आला. आता पाचपैकी तीन-चार बरोबर सांगतो आणि मोबाइलही वापरतो. साधन चुकले तर त्याच्या ध्यानात येते.

पाच, जुन्या माणसांनी आठवड्यातून एक दिवस तरी साधन बाजूला ठेवून काम करावे. त्या दिवशी हात अडखळू लागला तर समजावे, की सराव सुटत चालला आहे.

सहा, जेवढे सांगावयाचे तेवढेच पाठवावे. तीन ओळींचे काम तीन ओळींत. आणि गिऱ्हाइकांचे हिशेब, उधारी, बँकेचे कागद या साधनात घालू नयेत. ती दुसऱ्याची ठेव आहे.

दुकानात नवीन माणूस ठेवला की आपण त्याला पहिल्याच दिवशी किल्ल्या देत नाही. गल्ल्याजवळ बसवितो, पाहतो, हिशेब घेतो आणि मग हळूहळू जबाबदारी देतो. या नव्या मदतनिसाशीही तसेच वागावे. तो हुशार आहे, थकत नाही, रात्रीही हजर असतो. पण तो चुकला तर त्याचे काही जात नाही. जाते ते आपले. पुढच्या आठवड्यात मला पुन्हा त्याच दक्षिणेकडील पार्टीला पत्र लिहावयाचे आहे. इंग्रजी मोबाइलच करील. सहीपूर्वी मात्र मी ते तीन वेळा वाचणार आहे, पूर्वी वाचीत असे तसे.